हजेरी न घेतलेले बेट

रिकाम्या तासाचा आवाज कसा असतो, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. शिक्षक आजारी असो वा सरकारी कामावर गेलेला असो, वर्गात पहिली पाच मिनिटे कुजबुज असते, पुढील पाच मिनिटांत हसणे सुरू होते आणि मग एकाएकी असा एक क्षण येतो की त्या आवाजाची जातच बदलते. तोवर ज्याला आपण गोंगाट म्हणत होतो त्यात आता कोणाची तरी टर उडवली जात असते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून हा बदल आम्ही भिंतीपलीकडून अनेकदा ऐकला आहे. मोठी माणसे दूर झाली की मुलांची व्यवस्था का मोडते, हा प्रश्न त्यामुळे आम्हांस केवळ वाङ्मयीन वाटत नाही. परंतु त्याचे सर्वांत समर्थ वाङ्मयीन रूप एका कादंबरीत आहे, व ती मराठीत आणण्याचे श्रेय आपल्या भाषेतील एका श्रेष्ठ कथाकाराकडे जाते; म्हणून अकादमीच्या सदस्यांपुढे तिचा विचार मांडण्याचे धाडस करीत आहोत.

विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ ही कादंबरी १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. गोल्डिंग त्या वेळी सॉल्झबरी येथील एका मुलांच्या शाळेत शिक्षक होते. त्यापूर्वी महायुद्धात ते आरमारात होते आणि १९४४ च्या नॉर्मंडीवरील चढाईत त्यांनी प्रत्यक्ष भाग घेतला होता. पुढे १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तिचा मराठी अनुवाद जी. ए. कुलकर्णी यांनी केला. जी. ए. हेही धारवाडच्या महाविद्यालयात आयुष्यभर इंग्रजीचे अध्यापन करणारे. म्हणजे एका शिक्षकाने लिहिलेली ही कथा दुसऱ्या शिक्षकाने आपल्यापर्यंत पोचवली आहे.

कथानक बहुतेकांच्या परिचयाचे आहे. त्याचे सार थोडक्यात सांगून पुढे जाऊ. अणुयुद्धाच्या धामधुमीत सुरक्षित स्थळी नेल्या जाणाऱ्या इंग्रज मुलांचे विमान एका निर्जन बेटावर कोसळते. मोठे माणूस एकही उरत नाही. मुले शंख फुंकून सभा भरवतात, राल्फला नायक निवडतात, ज्याच्या हाती शंख त्यानेच बोलावे असा नियम करतात आणि सुटकेसाठी डोंगरावर धुराचा जाळ पेटवतात. पुढे जाळ विझतो, शिकारीची चटक लागते, एका काल्पनिक श्वापदाची भीती सर्वांना ग्रासते आणि जॅक नावाचा मुलगा वेगळी टोळी काढतो. सायमन नाचाच्या उन्मादात मारला जातो, पिगी दरडीखाली, आणि राल्फची शिकार चालू असता एक आरमारी अधिकारी किनाऱ्यावर उतरतो.

*

या कथेचा रूढ अर्थ असा सांगतात की, मनुष्य मुळातच दुष्ट आहे. संस्कृतीचा पातळ मुलामा खरवडला की आतला पशू दिसतो. ख्रिस्ती वाचकाला येथे आदिपापाची आठवण होते, आपल्याकडील वाचकाला षड्रिपूंची. मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. ‘काजळमाया’ आणि ‘पिंगळावेळ’ यांच्या कर्त्याचे नाव मुखपृष्ठावर पाहताच त्याच्या मनात नियती हा शब्द जागा होतो. जे झाले ते अटळ होते, अशा खिन्न समाधानाने तो पुस्तक मिटतो.

आमचा आक्षेप या समाधानाला आहे. गोल्डिंग यांना मनुष्यस्वभावाविषयी भाबडा विश्वास नव्हता, हे उघड आहे. बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’ या एकोणिसाव्या शतकातील बालकथेत बेटावरची तीन इंग्रज मुले सद्गुणांचे पुतळे आहेत; त्या चित्राला उत्तर म्हणूनच ही कादंबरी लिहिली गेली. पण कादंबरीकार आपल्या मताहून अधिक पाहत असतो, आणि शिक्षक असलेला कादंबरीकार तर मुलांच्या बाबतीत फारच बारकाईने पाहतो. या पुस्तकातील व्यवस्था एका मोठ्या पापाने कोसळत नाही. ती लहान लहान चुकांनी खचत जाते, आणि प्रत्येक चूक इतकी ओळखीची आहे की कोणत्याही शाळेत ती याच सप्ताहात घडत असेल.

पहिली चूक हजेरीची. शंखाचा नाद ऐकून मुले जमू लागतात तेव्हा पिगी त्यांच्यामधून हिंडत प्रत्येकाचे नाव विचारतो आणि ते लक्षात ठेवण्याचा प्रयत्न करतो. स्थूल, दम्याचा विकार असलेला, चष्मा लावणारा हा मुलगा सभेतील सर्वांत हास्यास्पद प्राणी. पण यादी करावी हे त्यालाच सुचते. दुसऱ्या कोणाला त्याचे महत्त्व वाटत नाही. लगेच निवडणूक होते, टेहळणी होते, जाळ पेटवण्यासाठी सारे डोंगराकडे धावतात आणि यादी राहून जाते. तो पहिलाच जाळ आवरेनासा होऊन रान पेटते. मग पिगी विचारतो की, चेहऱ्यावर जन्मखूण असलेला तो लहान मुलगा कोठे आहे? कोणालाच सांगता येत नाही. लहान मुले एकूण किती होती तेही ठाऊक नाही. बेटावरचा पहिला मृत्यू असा होतो, आणि तो हत्येचा नाही. त्या मुलाचे नाव कोणी विचारलेच नव्हते. ते वाचकालाही शेवटपर्यंत कळत नाही.

दुसरी चूक याच चुकीचे दुसरे टोक आहे. पिगी राल्फला त्याचे नाव विचारतो आणि आपलेही नाव तो विचारील म्हणून वाट पाहतो. राल्फ विचारीत नाही. उलट, शाळेत मला ज्या नावाने चिडवत ते कोणाला सांगू नकोस, अशी विनवणी त्याने केलेली असताना राल्फ ते नाव भर सभेत जाहीर करतो. सारी सभा हसते, आणि ती प्रथमच एकजीव होते ती त्या हसण्यात. राल्फ दुष्ट नाही. तो या कथेतील त्यातल्या त्यात सज्जन मुलगा आहे. पण ज्या समाजाची पहिली एकी एका मुलाला हसण्यातून साधली गेली, त्याला पुढे एकीसाठी कोणी तरी बळी लागणारच. सायमनच्या भोवती जे रिंगण पुढे धरले जाते त्याचा आरंभबिंदू आम्हांस या हसण्यात दिसतो. आणि त्या रिंगणात राल्फ व पिगी हेही होते, हे लेखक विसरू देत नाही.

नावांचा हा धागा गोल्डिंग यांनी शेवटपर्यंत नेला आहे. पर्सिव्हल नावाचा एक चिमुरडा भर सभेत उठून, घरी पढवल्याप्रमाणे, आपले नाव व पत्ता मंत्रासारखा म्हणतो. शेवटी आरमारी अधिकाऱ्यापुढे तो तेच म्हणू पाहतो, आणि त्याला ते आठवत नाही. तो अधिकारी राल्फला विचारतो की, तुम्ही एकूण किती जण आहात? राल्फ मान हलवतो. नायक आपणच, हे त्याने क्षणापूर्वी ठामपणे सांगितलेले असते. पण आपली प्रजा किती हे त्याला ठाऊक नाही. या एका प्रश्नोत्तरात संपूर्ण कादंबरीचा निवाडा आहे, असे आमचे मत आहे.

*

मुले स्वभावतःच नियमहीन असतात, हे तर अनुभवाला धरून नाही. इंदूरच्या रामबागेत वा पुण्याच्या सदाशिव पेठेत, ज्या अंगणात मोठे माणूस फिरकत नाही तेथेही खेळ नियमानेच चालतो. झाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने गोट्या खेळणाऱ्या मुलांचे निरीक्षण करून १९३२ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. नियम ही मोठ्यांनी वरून दिलेली वस्तू नसून आपसांतील कराराने बदलता येणारी गोष्ट आहे, हे मुले वाढत्या वयात खेळता खेळता कशी ओळखतात, ते त्याने दाखवले आहे. आपल्याकडे त्यासाठी ग्रंथाची गरज नाही. मराठी मुलांची खेळभाषा पुरेशी आहे.

या भाषेत ‘राज्य’ हा शब्द कसा येतो ते पाहावे. लपंडावात तळवे उताणे-पालथे टाकून मुले एकेक सुटत जातात आणि जो शेवटी उरतो त्याच्यावर राज्य येते. राज्य मिळत नाही, ते अंगावर येते. ज्याच्यावर राज्य त्याने डोळे मिटावे, आकडे मोजावेत, उन्हात धावावे आणि सर्वांना शोधून काढावे. एकही भिडू सापडायचा राहिला तर त्याची सुटका नाही. आणि डाव संपला की राज्य दुसऱ्यावर जाते. सत्ता हे ओझे आहे, ते पाळीपाळीने वाहायचे असते आणि त्याचे मुख्य काम म्हणजे प्रत्येकाचा ठिकाणा लावणे, हा राज्यशास्त्राचा धडा सहा वर्षांचे मूल येथे गिरवते.

तसाच ‘कच्चा लिंबू’. धाकटे भावंड खेळायला हट्ट धरते, त्याला वगळावे तर ते रडते, खेळवावे तर डाव बिघडतो. मुलांनी यावर तोड काढली आहे: ते डावात असते, धावते, ओरडते, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. दुर्बलाला सामावून घेण्याची याहून सुबक तरतूद आम्ही कोणत्या घटनेत वाचलेली नाही. आणि कोणी धडपडला, गुडघा फुटला, तर ‘टॅम्प्लीज’ म्हणताच धावणारे पाय थांबतात. शंखाचे काम बेटावर याहून निराळे नव्हते. क्षणभर सर्वांनी थांबावे आणि एकाचे ऐकावे, एवढेच.

मग बेटावर हे का टिकले नाही? कारण तेथे राज्य ही पाळी राहिली नाही, ती मालमत्ता झाली. राल्फ नायक झाला तो कायमचा. जॅक हरला तोही कायमचा. हरलेल्याचे दुःख हलके करावे म्हणून राल्फने भलत्या औदार्याने त्याची गायकमंडळी त्याच्याच हाती ठेवली आणि ती शिकारी झाली. व्यवस्थेच्या दृष्टीने ही तिसरी चूक, आणि कदाचित सर्वांत घातक. ही गायकमंडळी बेटावर येतानाच झगे-टोप्या घालून, दोनदोनच्या रांगेत, हुकमाबरहुकूम चालत आलेली आहे. तिची शिस्त मुलांनी आपसांत केलेली नाही, मोठ्यांनी घालून दिलेली आहे. त्या शिस्तीला प्रश्न विचारणे माहीत नाही. मोठी माणसे नव्हती म्हणून बेट बिघडले असे म्हणतात. आम्ही म्हणतो, मोठ्यांची एक संस्था तेवढी शाबूत उरली होती आणि बिघाड तिच्यातून पसरला.

*

अन्नाची गोष्टही अशीच बोलकी आहे. आपल्या परंपरेत मोठ्यांवाचून रानात असलेल्या मुलांचे एक चित्र फार जुने आहे, ते गोपाळांचे. सप्ताहाच्या अखेरीस काल्याच्या कीर्तनात ते अजून दरवर्षी उभे केले जाते. प्रत्येकाने घरून शिदोरी आणली आहे. कोणाची दही-लोणी, कोणाची शिळी भाकरी. त्या सगळ्या एकत्र कालवल्या की कोणाचे काय होते ते ओळखता येत नाही आणि मगच वाटप होते. बेटावर पहिली शिकार भाजली जाते तेव्हा जॅक पिगीला मांस देत नाही, कारण तो शिकारीला आला नव्हता. सायमन मुकाट्याने आपला तुकडा पिगीकडे सारतो. जॅक चवताळतो आणि दुसरा तुकडा तोडून सायमनच्या पायाशी भिरकावतो. एक काला होऊ पाहत होता. तो तेथेच मोडला. पुढच्या मेजवानीत जॅक फुलांनी मढून ओंडक्यावर मूर्तीसारखा बसतो आणि सर्वांना पोटभर मांस देतो. पण आता ते वाटप राहिले नाही, ती बक्षिसी आहे. जेवण झाल्यावर तो विचारतो, माझ्या टोळीत कोण येणार?

भीतीविषयी एवढेच म्हणणे पुरे की, मुलांच्या भीतीला बेटावर कोणीच नीट उत्तर देत नाही. पिगी ती शास्त्राने खोडून काढतो, राल्फ मताला टाकतो, जॅक शिकारीचे आमिष दाखवतो. श्वापद असलेच तर ते आपल्यातच असेल, असे सायमन चाचरत म्हणतो आणि त्याला हसतात. पण डोंगरावर जे दिसते व ज्याला मुले श्वापद समजतात, ते हवाई छत्रीला लटकलेले एका मृत सैनिकाचे शरीर आहे. मोठ्यांकडून काही खूण यावी अशी इच्छा मुलांनी केली होती. मोठ्यांनी पाठवलेली खूण ती ही. तेव्हा ‘मोठ्यांवाचून’ हे या बेटाचे वर्णनच मुळी अपुरे आहे.

*

कादंबरी हा पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रत्यक्ष घडलेल्या दोन गोष्टी पुढे ठेवतो. १९६५ च्या जूनमध्ये टोंगा राज्यातील एका शाळेची सहा मुले होडी घेऊन निघाली आणि वादळात सापडून ‘आता नावाच्या निर्जन बेटाला लागली. १९६६ च्या सप्टेंबरात पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला ती सापडली. मधल्या सुमारे पंधरा महिन्यांत त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, विस्तव विझू दिला नव्हता, भांडण झाले तर भांडणाऱ्यांनी राग शांत होईपर्यंत दूर जाऊन बसावे असा रिवाज घातला होता. एकाचा पाय मोडला तेव्हा इतरांनी तो बांधून बरा केला होता. दुसरी गोष्ट मुझफर शेरिफ या सामाजिक मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांची. मुलांच्या दोन गटांत स्पर्धेने वैर कसे माजते हे त्याने १९५४ मध्ये ओक्लाहोमातील एका शिबिरात दाखवले व ते जगभर गाजले. पण १९५३ चा त्याचा आधीचा प्रयोग फसला होता. तेथे मुलांना प्रथम एकत्र राहू दिले, ओळखी होऊ दिल्या आणि मग गट पाडले. प्रयोगकर्त्यांनी कळ लावूनही मुले एकमेकांवर उठेनात.

या दोहोंवरून मनुष्यस्वभाव निर्मळ आहे असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. टोंगाची मुले सहाच होती आणि एकाच शाळेतील स्नेही होती. पण आमच्या मुद्द्याला तेच हवे आहे. जेथे प्रत्येकाला प्रत्येकाचे नाव ठाऊक होते तेथे व्यवस्था टिकली. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे नाना जातींची मुले आपली कामे आपण करीत आणि एका पंक्तीला जेवत. तेथील शिस्तीचे मूळ केवळ कर्मवीरांच्या धाकात नव्हते. ज्याच्या हातची भाकरी खाल्ली त्याला टोपणनावाच्या आड लपवणे अवघड जाते.

कोणी विचारील, मग रॉजरचे काय? प्रश्न रास्त आहे. ज्याला दुसऱ्याच्या वेदनेत रस आहे असा मुलगा प्रत्येक पिढीत असतो, आणि त्याचे मूळ आमच्या हजेरीत सापडत नाही. हे आम्ही मान्य करतो. पण गोल्डिंग यांनी रॉजरची दोन चित्रे दिली आहेत. पहिल्यात तो हेन्री या लहान मुलाच्या दिशेने दगड फेकतो, परंतु मुद्दाम नेम चुकवतो. त्या मुलाभोवती आईबाप, शाळा, पोलीस आणि कायदा यांनी आखलेले एक अदृश्य वर्तुळ आहे आणि रॉजरचा हात ते ओलांडू शकत नाही. दुसऱ्यात तो पिगीवर दरड लोटतो. या दोन चित्रांमध्ये रॉजरचा स्वभाव बदललेला नाही. मधल्या काळात त्याला परवानगी मिळाली आहे. रॉजरला नाहीसे करणे कोणत्याही व्यवस्थेला जमणार नाही. हेन्रीभोवतीचे वर्तुळ पुसू न देणे, एवढेच तिचे काम.

*

शेवटी एक घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एकदा निवडणुकीच्या कामासाठी बहुतेक सर्व शिक्षक एकाच दिवशी बोलावले गेले. सातवीच्या दोन तुकड्या आम्ही एका सभागृहात बसवल्या, एका हुशार मुलाला मॉनिटर नेमले, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आज्ञा त्याला दिली: जो बोलेल त्याचे नाव फळ्यावर लिही. दोन तासांनी परत आलो तेव्हा सभागृहात चिडीचूप शांतता होती. फळा नावांनी भरला होता. काही नावांपुढे फुल्या होत्या, फुल्यांवर फुल्या होत्या. आम्हांस समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे. कार्यालयाकडे वळलो तर मागच्या व्हरांड्यात, जेथे पावसाची झड थेट आत येते, तेथे एक मुलगा भिंतीला पाठ लावून चिंब उभा होता. त्याला बाहेर कोणी काढले, हे पुढे चौकशीत कळले नाही. सर्वांनी मिळून काढले होते. दोन तासांत तो आत नाही हे कोणाला जाणवलेही नव्हते. त्याला हाक मारायला आम्ही तोंड उघडले, आणि ओठांवर प्रथम आले ते मुलांनी त्याला ठेवलेले नाव.

त्याला घरी पोचवून आलो तेव्हा मॉनिटर फळ्यापाशीच उभा होता आणि रडत होता. आम्ही त्याच्यावर राज्य दिले होते. पण डाव केव्हा संपेल आणि राज्य केव्हा उतरेल, हे सांगितले नव्हते. शोधायचे कोणाला हेही सांगितले नव्हते. आम्ही त्याच्या हाती यादी दिली ती अपराध्यांची. उपस्थितांची यादी करावी हे पिगीला सुचले होते. तीस वर्षे हजेरीपटावर सह्या करूनही आम्हांस सुचले नाही.

तेव्हापासून आमच्या शाळेत रिकाम्या तासाचा नियम बदलला आहे. फळ्यावर नावे लिहिण्याची प्रथा बंद केली. ज्या मुलावर त्या तासाचे राज्य येते त्याने तासाच्या आरंभी आणि अखेरीस प्रत्येकाला पूर्ण नावाने हाक मारायची व कोण कोठे आहे ते पाहायचे. पुढल्या तासाला राज्य दुसऱ्यावर. गोंगाट पूर्वीइतकाच होतो, किंबहुना थोडा अधिकच. त्याची जात मात्र क्वचितच बदलते, आणि बदललीच तर भिंतीपलीकडे बसून ऐकत न राहता आम्ही उठून जातो.